शिवताना ऐकायला पॉडकास्ट सुचवा (बघायचे नकोत, ऐकायचे)

टीपवाली_सांगली

नमस्कार मंडळी, मी विश्रामबागला घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते. सकाळी साडेनऊला मशीनवर बसते ते मधलं जेवण आणि पोराला शाळेतून आणणं सोडलं तर संध्याकाळी सातपर्यंत. इतके दिवस समोर टीव्ही चालू असायचा. मालिका काय, नुसत्या ऐकून पण कळतात, पण एकदम सगळे गप्प झाले आणि ढॅण ढॅण म्युझिक सुरू झालं की मान आपोआप वर जाते आणि तेवढ्यात टीप गेलेली असते वाकडी. मागच्या महिन्यात एका पैठणीच्या ब्लाऊजचा अख्खा गळा उसवला, पायपिंग परत लावलं, कापडाला सुईची भोकं दिसायला लागली ती वेगळीच. तेव्हापासून टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवलाय.

बहीण म्हणाली पॉडकास्ट ऐक. म्हणून यूट्यूबवर शोधलं तर जिथं तिथं दोन खुर्च्या, मधे माईक, मागं एक कुंडी आणि लाल-निळा लाईट, आणि पाहुणे दर दहा मिनिटांनी "हा फोटो बघा" म्हणणार. अहो मी कुठं बघू, माझे डोळे सुईवर आहेत. शिवाय स्क्रीन बंद केली की आवाज पण बंद, आणि चालू ठेवली तर दीड जीबी दुपारीच संपतं, त्यात पोरगं हॉटस्पॉट मागतंय.

तर मराठी किंवा हिंदी सुचवा, इंग्रजी पण चालेल पण बोलणारा भरभर बोलणारा नको. मोटरच्या मशीनच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे. आणि कृपा करून यशस्वी लोकांच्या सकाळी पाचला उठायच्या सवयी नकोत, मी पाचलाच उठते, पाणी तेव्हाच येतं.

खंबाटकी_रोज

ताई शेवटची ओळ भारी 😄

मी सातारा ते शिरवळ कंपनीच्या बसने रोज करतो, जाताना बोगदा येताना घाट, गेली सहा वर्षं. पॉडकास्ट नसते तर मी नोकरी सोडली असती किंवा शेजारी बसणाऱ्याला मारलं असतं. तर माझ्या अनुभवाचं सांगतो.

हिंदीत पहिलं नाव पुलियाबाजी. प्रणय कोटस्थाने, सौरभ चंद्र आणि आता ख्याती पाठक पण असते. सरकार कसं चालतं, टॅक्स कुठं जातो, कॉम्प्युटरच्या चिप कशा बनतात, असले विषय, पण पुलावर बसून गप्पा मारल्यासारखं. मास्तरकी नाही. एकजण बोलताना दुसरा मधे घुसत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बसमध्ये दोघं एकदम बोलले की काहीच कळत नाही, तुमच्या मशीनचं पण तसंच असणार.

इंग्रजीत अमित वर्माचं 'द सीन अँड द अनसीन'. २०१७ ला सुरू झालं तेव्हा छोटे एपिसोड असायचे, आता चार-चार पाच-पाच तास. लोक हसतात एवढं कोण ऐकणार म्हणून, पण मला तर हेच आवडतं, सोमवारी चढताना सुरू केलं की बुधवारी उतरताना संपतं. पाहुण्याचं लहानपण, गाव, कुठली पुस्तकं वाचली इथून सुरू होतं आणि पहिला तासभर मूळ विषयाला हातच लावत नाहीत. घाई असलेल्या माणसाचं काम नाही. इंग्रजी आपल्या कानाचं आहे, भारतीय, त्यामुळे अडत नाही.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं सांगतो, ते तुम्हाला आवडेल का माहीत नाही. डॅन कार्लिनचं 'हार्डकोर हिस्टरी', त्यातली पहिल्या महायुद्धावरची सहा भागांची मालिका. एकटा माणूस, पाहुणा नाही, काही नाही, एकेक भाग तीन-तीन चार-चार तासाचा, आणि तो स्वतःच सांगतो की मी इतिहासकार नाही बाबा. सारायेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडणाऱ्या पोरापासून सुरू करतो. खंदकातला चिखल, उंदीर, तोफांचा आवाज थांबतच नाही म्हणून वेडी झालेली माणसं, हे तो असं सांगतो की बसमध्ये माझी मान खाली होती. आमचं आजोळ अपशिंगेजवळ. अपशिंगे मिलिटरी म्हणतात त्या गावाला, त्या युद्धात गावचे ४६ जवान कामी आले, ब्रिटिशांनी स्मृतिस्तंभ बांधलाय. लहानपणी जत्रेला जाताना त्या खांबाला टेकून आम्ही उसाचा रस प्यायचो. कार्लिन ऐकल्यावर एका रविवारी मुद्दाम गाडी काढून परत गेलो. जाऊ दे, विषय भरकटला. जुने भाग तो विकतो आणि नवे तेवढे फुकट असतात, हे लक्षात ठेवा.

मिरजकर_काका

टीपवाली ताईंना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६८. मला या पॉडकास्टचं एवढं कौतुक का हे सुरवातीला कळतच नव्हतं. आमच्या घरी आकाशवाणी सांगली केंद्र मीडियम वेव्हवर १२५१ ला लागलेलं असायचं, आई भाकऱ्या थापायची आणि कान तिकडे. श्रुतिका लागली की तव्यावरची भाकरी करपायची, म्हणजे तुमच्या पैठणीचं जे झालं ते आमच्या घरी १९७० सालीच झालेलं आहे.

नातवाने फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि म्हणाला आजोबा हा रेडिओच आहे, फक्त वेळ तुमची. खरं आहे. पण रेडिओवाल्यांना एक शिस्त होती. माईकपुढे बसलेला माणूस हे धरून चालायचा की ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. आत कोण आलं, कोण बोलतंय, दार वाजलं, सगळं आवाजातून सांगायचा. आताच्या पुष्कळ मराठी पॉडकास्टना ते भानच नाही कारण ती मंडळी मनातून टीव्हीच करतायत. सात मिनिटं नुसती ओळख, मग सबस्क्राईब करा, मग जाहिरात, मग एकमेकांचं कौतुक, आणि मुलाखत घेणारा प्रत्येक वाक्याला "हं… हं… अच्छा… कमाल". मी एकदा मोजलं होतं, दहा मिनिटात ४१ वेळा हं. नाव घेत नाही, मुलगा गुणी आहे, सुधारेल.

यातून मला जे टिकलेलं दिसलं ते सांगतो. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची'. जगातला एक प्रश्न घ्यायचा आणि तो नीट उलगडून सांगायचा, लिहिलेलं वाचतात म्हणून फाफटपसारा नाही, उच्चार स्वच्छ. हुक लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक भाग होईल असा माझा अंदाज, चूकभूल द्यावी घ्यावी, मला शिवणातलं कळत नाही. दुसरं सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे'. नाटक-सिनेमातली माणसं येतात आणि सौमित्र त्यांना बोलू देतात, आणि नाटकवाली माणसं मुळातच आवाजावर जगलेली असल्यामुळे चित्र नसलं तरी अडत नाही. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वावडं नसावं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच सुरू केलं.

माझी परीक्षा साधी आहे. पहिली पाच मिनिटं डोळे मिटून ऐकायचं. कोण बोलतंय हे दोनदा कळलं नाही तर बंद.

बॅकबेंच_विलिंग्डन

काका ४१ वेळा हं 😂😂 मला माहितीय कोण ते

ताई सगळं सोडा आणि 'सीरियल'चा पहिला सीझन ऐका. इंग्रजी आहे, अमेरिकन आहे, पण सेरा कोनिग इतकी सावकाश आणि मैत्रिणीला सांगितल्यासारखी बोलते की मला बीएच्या पहिल्या वर्षाला असताना पण कळलं, आणि माझं इंग्रजी म्हणजे काय सांगू, वेबसाईटवर पूर्ण ट्रान्सक्रिप्ट पण आहे. २०१४ चं आहे, १२ एपिसोड. बाल्टिमोरची केस, १३ जानेवारी १९९९ ला हे मिन ली नावाची शाळेतली मुलगी गायब होते, महिन्याभराने बॉडी सापडते, आणि तिचा आधीचा बॉयफ्रेंड अदनान सय्यद याला जन्मठेप होते. पंधरा वर्षांनी कोनिग ती केस परत उघडून बघते. सगळं अडकलंय शाळा सुटल्यानंतरच्या २१ मिनिटांवर. तो त्या २१ मिनिटात कुठं होता, बास एवढंच.

पहिल्याच एपिसोडमध्ये ती विचारते की सहा आठवड्यांपूर्वीच्या अमुक दिवशी तुम्ही काय करत होतात, सांगा. मी थांबवून खरंच आठवायला गेलो. कॉलेजला गेलो होतो का, पाऊस होता का, काही म्हणजे काही आठवेना. आणि पाचव्यात ती आणि तिची प्रोड्यूसर गाडी काढून शाळा ते जिथं खून झाला म्हणतात त्या दुकानाचं पार्किंग घड्याळ लावून जातात की २१ मिनिटात होतं का बघू. बसेस निघायची वाट बघत बसतात, सिग्नल, ट्रॅफिक, मधेच प्रोड्यूसरला रस्त्यात कोळंबीच्या सेलचा बोर्ड दिसतो. एवढंच आहे ओ, दोन बायका गाडीतून चालल्यात, पण मी श्वास धरून बसलो होतो. मग मी आणि मित्राने कॉलेजच्या गेटपासून मार्केट यार्डपर्यंत स्प्लेंडरवर तसंच करून बघितलं, काही कारण नव्हतं.

एक विनंती, नाव गुगल करू नका, मजा जाईल.

मिरजकर_काका

हे मी ऐकलं आहे. २०२२ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, तो सुटला, २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने ती परत लागू केली आणि २०२५ मध्ये भोगली तेवढी पुरे म्हणून त्याला बाहेरच ठेवलं. गुन्हा मात्र अंगावर अजून आहे.

बॅकबेंच_विलिंग्डन

काका!!!! मी आत्ताच लिहिलं ना वर!!

मिरजकर_काका

क्षमस्व. पण हे वर्तमानपत्रात येऊन गेलेलं आहे, आणि पॉडकास्टमध्ये त्याचं उत्तर नाहीच, त्यामुळे बिघडत नाही.

बेदाणा_तासगाव

मी जरा वेगळं बोलू का. ते सीरियल मी पण ऐकलंय अर्धं, भाच्याने लावून दिलं होतं. चांगलं बनवलंय, नाही म्हणत नाही, पण सहाव्या भागाला बंद केलं. पोरगी मेली बारावीतली, आणि मला तिच्याबद्दल काय कळलं, डायरीतल्या चार ओळी. पोरगा कसा बोलतो, कसा हसतो, तुरुंगातून फोन कसा करतो हे मात्र सगळं पाठ झालं. तिच्या आईबापाने हे ऐकलं असंल तर काय वाटलं असंल. माझी पण एक पोरगी त्याच वयाची हाय म्हणून असंल कदाचित.

असो. आमचं बेदाण्याचं शेड आहे. सीझनला द्राक्षं डिपिंग करून जाळीवर टाकायची, पंधरावीस दिवसांनी वाळली की झाडायची आणि मग बायका निवडायला बसतात, बारा-चौदा जणी, काड्या, काळा माल बाजूला. आधी तिथं गाणी लागायची आणि कुणाची लावायची यावरून रोज भांडण. दोन वर्षांपूर्वी एक ब्लूटूथ स्पीकर आणला आणि मी म्हटलं बघू, तर 'अमुक तमुक' लावलं. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम, दोघं कुठल्या तरी डॉक्टरला नाहीतर जाणकाराला बोलावतात आणि गुडघेदुखी, झोप, पोरांचे हट्ट, सासू-सून असं काय काय विचारतात. मला वाटलं पुण्याचं आहे, आमच्या बायका काय ऐकणार. तर एका भागाला अख्खं शेड गप्प, आणि संपल्यावर एक मावशी म्हणाल्या "परत लावा, माझी सून आत चहा करत होती." आता डॉक्टरचा सल्ला आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्यायचा हे मी वरून सांगत असतो, कारण एकीने लगेच चहा सोडला आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली.

मी स्वतः रात्री मोटर चालू करायला रानात जातो तेव्हा आज तकवाल्यांचं 'तीन ताल' ऐकतो. हिंदी आहे, ताऊ आणि मंडळी. विषय काय म्हणाल तर काही नाही, खाट, आंबा, मच्छर, गल्लीतलं भांडण, यावर दोन-दोन तास. शेवटी ऐकणाऱ्यांची पत्रं वाचतात. पारावर बसल्यासारखं वाटतं, आणि पारावर आता बसतंय कोण. पण ताई, पोरं आजूबाजूला असताना स्पीकरवर नको, मधे मधे जीभ सैल सुटते त्यांची.

मोबाईल_दुरुस्ती_कराड

नेटचं सांगतो, बाकी तुमचं चालू द्या. यूट्यूब फुकटात स्क्रीन बंद करून चालत नाही म्हणूनच तुमचा डेटा जातोय. ताई अँटेनापॉड नावाचं ॲप टाका, अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिरात नाही, लॉगिन नाही. गुगलचं स्वतःचं पॉडकास्टचं ॲप होतं ते २०२४ ला बंद झालं, तिथून आलेली बरीच गिऱ्हाईकं मी यावर बसवली. वायफाय कुठं मिळत असेल तर तिथं रात्री डाऊनलोड करा आणि दिवसभर नेट बंद ठेवून ऐका. तासाभराचा ऑडिओ १२८ केबीपीएसचा असला तर ५७-५८ एमबी होतो फक्त, म्हणजे दिवसभर ऐकलं तरी अर्धा जीबी. स्पीड कमी करता येतो, ०.९ ला लावलं की अमेरिकन माणूस पण कराडचा वाटतो. फक्त जे पॉडकास्ट एकाच कंपनीच्या ॲपवर ठेवलेत ते यात सापडत नाहीत, मग त्याच ॲपवर जायचं.

दोन्ही कानात इअरफोन घालून मशीन चालवू नका, एकच घाला. दारावर माणूस आलं तर कळलं पाहिजे आणि मशीनचा आवाज बदलला तर पण.

खंबाटकी_रोज

+१, मशीनच्या आवाजाचं बरोबर बोललात. आणि बेदाणा दादा, तुमचा सीरियलचा मुद्दा डोक्यात राहिला. मी कधी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

टीपवाली_सांगली

सगळ्यांचे आभार, दहा दिवस झाले, आता सांगते काय झालं ते.

अँटेनापॉड टाकलं. बहिणीकडे वायफाय आहे, रविवारी तिच्याकडे जेवायला जाते आणि आठवड्याचं भरून आणते, ती म्हणाली तू मला भेटायला येतेस का डाऊनलोडला.

पहिल्या दिवशी हौसेने सीरियल लावलं, स्पीड ०.९, आणि कटिंगला बसले. हीच चूक. कापड चार घडी करून दोन ब्लाऊजच्या बाह्या एकदम कापत होते, तिकडे कोनिग त्या २१ मिनिटाला पोचलेली. संध्याकाळी जोडायला घेतलं तर एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्याच! मुंढ्याला पुढच्या बाजूने जास्त खोल द्यावं लागतं ना, ते दोन्हीकडे एकाच अंगाला दिलं होतं मी. अस्तर असतं तर चाललं असतं, पण मेन कापड होतं. नशीब की कस्टमरने पदराकडचं जास्तीचं कापड परत मागितलं नव्हतं, त्यातून एक काढली.

तेव्हापासून असं केलंय. कटिंगच्या वेळी काहीच नाही, माप आणि चॉक एवढंच. सरळ टीपा, फॉल, पिको याला पुलियाबाजी नाहीतर काकांनी सांगितलेलं गोष्ट दुनियेची, कारण मशीनच्या आवाजात त्यांचंच स्वच्छ ऐकू येतं. मित्रम्हणे पण छान आहे पण काही पाहुणे भावुक झाले की आवाज खाली जातो आणि मला पायडल सोडून थांबावं लागतं. आणि रात्री हुक, काजं, हातशिलाईला सीरियल, तेव्हा मशीन बंद असते. दुपारी शेजारच्या दोघी येतात तेव्हा अमुक तमुक. तीन तालचा एकच भाग ऐकला, हसून हसून सुई बोटात घुसली, तेव्हा ते आता रविवारी, काम नसताना. सीन अनसीन अजून धाडस झालं नाही, पाच तास बघूनच घाबरले, लग्नसराई संपली की बघते. कार्लिन नवऱ्याला दिलंय, त्याचा ट्रक आहे, तो आता फोनवर नीट बोलत नाही, म्हणतो थांब, वर्दूंची लढाई चाललीय.

काका, तुम्ही कोर्टाचं सांगून टाकलंत तरी माझा राग नाही, उलट बरं झालं, आता तो सुटणार का हे डोक्यात नसतं आणि मी नुसतं ऐकते. बेदाणा दादा, तुम्ही म्हणालात ते मात्र लागलं. काल नववा भाग झाला आणि मी बॉबिन भरता भरता आठवत होते की त्या मुलीबद्दल मला काय काय माहिती आहे. हॉकी खेळायची, एवढं आलं.

आता परत एक प्रश्न. असं एकच गोष्ट बारा भागात, नीट लिहून, नुसत्या आवाजावर सांगितलेली, मराठीत कुणी केलीय का? खुनाचीच पाहिजे असं नाही. कोयनेच्या भूकंपाची असली तरी चालेल, माझी आजी पाटणची, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं ती सांगायला लागली की आम्ही पोरं जेवायची थांबायचो. मी शोधलं, मला सापडलं नाही. आणि दहावा-अकरावा-बारावा भाग माझे राहिलेत, तेव्हा बॅकबेंच, तू गप्प बस.

बॅकबेंच_विलिंग्डन

मी काय केलं 😭 काकांना सांगा की

मिरजकर_काका

मी त्या पहाटे मिरजेत होतो. भांडी पडली होती फळीवरची. आजी अजून असतील तर फोन त्यांच्यापुढे ठेवा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. आणि मधे हं हं करू नका.